एका चिंचोक्याचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात ज्या डब्यावर जे लिहिलेलं होतं, ते त्या डब्यात कधीच नव्हतं. हे मला बायको गेल्यावर कळलं, आणि तेही शिकेकाईची आमटी पिल्यावर.

हसायचं असेल तर हसून घ्या. ती असती तर पोट धरून हसली असती.

तिचं नाव मी ती असताना कधी घेतलं नाही, आता घेऊन काय करू. थंडीत गेली. पुढचे पाच महिने मी शेजारणीनं झाकून आणलेल्या ताटावर आणि मुदखेड स्टेशनासमोरच्या भज्यांवर काढले. मग एका दुपारी मनाशी म्हटलं, बास झालं. दोन हात आहेत, गॅस आहे, डबे भरलेले आहेत. आज येसराची आमटी करायची.

येसूर म्हणजे काय, ते ठाऊक नसेल त्याला सांगतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची. धने, खोबरं, मिरची, बाकीचा मसाला भाजून त्यात मिसळायचा आणि दळून आणायचं. पीठ म्हटलं तर पीठ, मसाला म्हटलं तर मसाला. उकळत्या फोडणीत मूठभर कालवून सोडलं की दाट आमटी होते. आमच्या लहानपणी घरात भाजी नसायचीच, म्हणून येसूर असायचं.

डब्यावर ‘येसूर’ लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. आत तपकिरी पीठ. चिंच भिजत घातली, फोडणी दिली, मूठभर पीठ कालवून सोडलं. उकळी आली तसा फेस आला. मला वाटलं डाळीचा असेल. पळीनं काढला, परत आला. काढला, परत आला. भूक लई लागली होती. दोन वाट्यांत भाकरी कुस्करून खाल्ली. तोंड कडू झालं, तरी म्हटलं पाच महिन्यांत मसाला उतरला असेल. पातेल्याच्या तळाला तीन चिंचोके लागले, ते चिंचेतून आले असतील म्हणून काढून टाकले.

संध्याकाळपर्यंत मी ओकून ओकून मोरीतच बसलो. आवाज ऐकून शेजारीण आली. तिनं पातेल्यात बोट बुडवलं, नाकाला लावलं आणि कपाळावर हात मारला.

“आवो दाजी, हे तर डोकं धुयाचं हाय!”

तिनंच लातूरला पोराला फोन केला. पोरगा तिकडं शाळेत मास्तर आहे. त्याचा मला फोन आला तो मास्तरासारखाच.

“बाबा, रविवारी येतो. तुमच्या कपड्यांसाठी बॅग आणतो. आता तुमचं तिथं एकट्याचं काही खरं न्हाई. आणि ते जुनं मसाल्याचं सगळं मी येऊन फेकतो. तुम्ही हात लावू नका.”

“रविवारी ये. जेवायलाच ये. फेकायचं ते मी फेकतो.”

“काय करणार जेवायला?”

“आमटी.”

 तो म्हणाला, “ठीक आहे. जमली तर बघू.”

असं ठरलं. रविवारी मी नीट रांधून दाखवायचं, नाहीतर घराला कुलूप लावून लातूरला त्याच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं. पोरगा वाईट नाही. पण तिसऱ्या मजल्यावर माणूस बसून बसून मरतो, आणि मला चालत मरायचं आहे. मधे आठ दिवस होते.

आता तिचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय डब्यांचं कळायचं नाही.

ती एक अक्षर शिकलेली नव्हती. मी चौथी. लग्न झालं तेव्हा चौथी म्हणजे लई होती, मी ती मिरवायचो. स्टेशनावरची पाटी मोठ्यानं वाचायचो, औषधाची चिठ्ठी वाचायचो, वाण्यानं बांधून दिलेल्या कागदाचं वर्तमानपत्रसुद्धा तिला वाचून दाखवायचो. ती ऐकायची आणि म्हणायची, “झालं वाचून? द्या तो कागद, खोबऱ्याला गुंडाळते.”

एकदा आमच्या विहारात बायांसाठी शिकवणी सुरू झाली. सगळ्या गेल्या, हीपण गेली. शिकवणारी बाई म्हणाली, “म मिठाचा.” हिनं विचारलं, “कंच्या मिठाचा? खड्याच्या का बारीक?” बाई म्हणाली, कुठलंही मीठ घ्या. ही उठून घरी आली. “जिला खड्याचं आन बारीक मीठ सारखंच वाटतंय, ती मला काय शिकवणार?” परत गेली नाही.

तिचं सगळं काम नाकावर आणि कानावर होतं. “जीभ लबाड असती,” ती म्हणायची, “भूक लागली की कायपण गोड म्हणती. नाक खोटं बोलत न्हाई.” मी रेल्वेत चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रोज हातोडा घेऊन रुळाच्या कडेनं चालायचं आणि स्लीपरावर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं. ठण्ण वाजली तर घट्ट, भद्द वाजली तर सैल. तीस वर्षं हेच केलं. संध्याकाळी घरी आलो की ती माझा सदरा नाकाला लावायची आणि मी कुठं होतो ते सांगायची. “आज उमरीच्या अंगाला गेलता.” “आज निम्मा वखत चिंचंखाली बसलाव.” आमच्या मुकादमानं मला कधी पकडलं नाही तेवढं तिनं पकडलं. भांडण झालं की एकच बोलायची, “लोखंडाचं बरं ऐकता, माणसाचं आलं की बहिरे होता.”

मिरची घ्यायला धर्माबादला जायची, दरवर्षी, पॅसेंजरनं. मीच पिशव्या धरायला. तिथं मिरचीचे डोंगर असतात. बाकीच्या बाया रंग बघतात, देठ बघतात. ही एक मिरची उचलायची, कानाला लावायची आणि हलवायची. आतलं बी वाजलं तर मिरची वाळलेली, नाही वाजलं तर ओल आहे, वजनाला मारलेली. एका ढिगावर अशा वीस-पंचवीस मिरच्या तिनं कानाला लावल्या. व्यापारी कट्टाळला.

“क्या अम्मा, मिरची है, रेडिओ नहीं!”

“रेडिओच हाय,” ही म्हणाली, “आन तुजा बंद हाय.” आणि पुढच्या ढिगाकडं गेली. तो मागून हाका मारत राहिला, भाव उतरवत राहिला. हिनं मागं बघितलं नाही. मला म्हणाली, “चला. तो आता पैशाचं बोलून राहिला. मी मिरचीचं बोलून राहिले.”

मीठ आणि मिरची ती कुणाच्या हातात द्यायची नाही. वाटी खाली ठेवायची, घेणाऱ्यानं खालून उचलायची. हातात दिलं की भांडण लागतं म्हणतात. मी म्हणायचो, अगं आपण विहारात जाणारी माणसं, हे कसलं खूळ धरून बसलीस. तर म्हणायची, “खूळ न्हाई. हातात दिलं की हात मागं घेता येत न्हाई. खाली ठिवलं की घेणाऱ्याला इचार करायला वखत मिळतो.” असं काहीतरी बोलायची आणि आपल्या कामाला लागायची. मी त्यावर दोन-दोन दिवस डोकं खाजवायचो.

ह्याच शेजारणीची गोष्ट सांगतो, जिनं माझं पातेलं हुंगलं. आम्ही तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. तिचा नवरा माझ्याबरोबर रुळाच्या गँगमध्ये होता, गावाकडं त्यांची जमीन होती. बाई स्वभावानं बरी, पण आमच्या घरचं पाणी प्यायची नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण हिच्या लिंबाच्या लोणच्याचा वास भिंत ओलांडून जायचा. मग ती मागच्या दारानं वाटी घेऊन यायची. “पोटात दुखतंय, औषधाला पाहिजे.” औषध म्हटलं की बाट नसते. वर्षभर तिच्या पोटात दुखलं. ही देत राहिली.

एक दिवस हिनं वाटी घेतली आणि बाजूला ठेवली.

“आत ये. बस. अर्धी भाकर खा, मंग लोणचं.”

“आज उपास हाय माजा.”

“मंग लोणचं कशाला?”

 बाई रिकामी वाटी घेऊन गेली. मी म्हटलं, कशाला तोडतेस, शेजार आहे. ती म्हणाली, “लोणच्याला ओला चमचा कळतो, दुसरं काय कळत न्हाई. तिला जर लोणच्यापेक्षा जास्त कळत असंल तर राहू दे.”

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भर दुपारी, गल्लीत कुत्रं नव्हतं अशा वेळी, शेजारीण आली. वाटी आणली नव्हती. उंबऱ्याच्या आत आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “वाढ.” हिनं भाकरी वाढली, लोणचं वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला.  मी कॉटवर झोपल्याचं सोंग करून पडलो होतो. पाणी पिताना तिच्या बांगड्या वाजल्या, ते मी ऐकलं. पुढं रिटायर झाल्यावर आम्ही घरं बांधली तीसुद्धा भिंतीला भिंत लावून. हिला न्यायला गाडी आली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं रडली ती तीच.

ही काही फेकायची नाही. नातू शेवया खातो ना पाकिटातल्या, त्यातल्या मसाल्याच्या पुड्या सून टाकून द्यायची. ही त्या लातूरहून कमरेला बांधून आणायची. वापरल्या एकदाही नाहीत. “एवढुसंच हाय, पर कुणीतरी भाजलंय ना,” म्हणायची. सुनेचं स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना. काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर छापलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. सून चांगली आहे, मला मामा म्हणते, हिला आत्या म्हणायची. एकदा समजावून सांगत होती, “आत्या, मसाल्याला पण मुदत असते.” ही म्हणाली, “मला किती टाकलीस?” सुनेनं तोंडाला पदर लावला. आठ दिवस राहून घरी आल्यावर मी विचारलं, कशी वाटली बरण्यांची मांडणी? तर म्हणाली, “चांगली हाय. पर मुक्या हायत बरण्या.”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

आता माझा मूर्खपणा. मी रिटायर झालो आणि घरात बसलो. बसलेला माणूस दुसऱ्याच्या कामात नाक घालतो. तिचे डबे म्हणजे एकाचं तोंड एकाला नाही. बिस्किटांचे, दूध पावडरीचे, तुपाचे, एक तर माझ्या बुटांच्या पॉलिशचा. निम्मे अर्धेच भरलेले. मी म्हणायचो, जागा खातात, दोन अर्ध्यांचा एक पुरा कर. ती म्हणायची, “पिठाला हालायला जागा लागती.” एक दिवस ती बाजाराला गेली तेव्हा मी पांढरा पेंट घेतला, बारीक ब्रश घेतला, एकेक डबा उघडून बघितला आणि सगळ्यांवर नावं घातली. हळद, धने, जिरे, मोहरी, काळा मसाला, येसूर. सुंदर अक्षर काढलं. वाटलं, आली की खूश होईल.

ती आली, बघितलं, पिशवी खाली ठेवली.

“हे काय करून ठिवलं?”

“नावं टाकली. आता कुणालाबी सापडंल.”

“कुणाला सापडायचंय? मला सापडत होतं की. तुमाला वाचता येतंय म्हणून माजं चुलखंड तुमच्या अक्षरावर चालावं व्हय?”

मला वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल. उतरला. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. स्वयंपाक तसाच चालला, चव तीच राहिली. मला काय ठाऊक की मी दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कामाला नांदेडला गेलो तेव्हा तिनं सगळे डबे रिकामे करून ह्यातलं त्यात आणि त्यातलं ह्यात केलं होतं. एकही नाव खरं ठेवलं नाही. आणि मला अवाक्षर सांगितलं नाही. मी मरेपर्यंत तिच्याकडून आयतं खाणार, असं दोघांनीही धरून ठेवलेलं होतं.

दवाखान्यात मात्र एक बोलली. नळी लावलेली होती, बोलणं अडखळत होतं. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलेल. म्हणाली, “माजे डबे कुणाला आवरू देऊ नका. आवरायचे तर तुमी आवरा.”

म्हणून मी पोराला म्हटलं, फेकायचं ते मी फेकतो.

सोमवारी सकाळी फडताळ उघडलं. मागच्या अंगणात खड्डा घेतला, कारण मिरचीची पूड घंटागाडीत टाकली तर तो गाडीवाला शिंकून मरेल. मग एकेक डबा काढला. ‘हळद’ लिहिलेल्या डब्यात मेथ्या. ‘मोहरी’ लिहिलेल्या डब्यात तीळ, खवट झालेले. ‘धने’ लिहिलेल्यात खसखस. तिथं मला उलगडलं. मी फरशीवर बसलो आणि एवढ्या जोरात शिवी घातली की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “काय झालं दाजी?”

“काही न्हाई. बायकोनं फसवलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

दिवसभर फेकत राहिलो. खोबऱ्याला बुरशी, खड्ड्यात. मिरचीला जाळी लागलेली, खड्ड्यात. कुठलं तरी चिकट काळं, ते काय होतं ते तिलाच ठाऊक, खड्ड्यात. शेवयांच्या पुड्या एका पिशवीत मुठी-मुठीनं होत्या. त्या फोडताना हात जरा थांबला. मग त्यापण टाकल्या. घर साफ करायचं तर करायचं. जुनं लिंबाचं लोणचं मात्र ठेवलं, ते काळं झालं तरी बिघडत नाही, आणि शेजारणीच्या पोटात अजून दुखतं.

एका पिठाच्या डब्यात दोन चिंचोके निघाले. मी म्हटलं, म्हातारीला दिसत नव्हतं शेवटी, कचरा पडला आत. टाकले.   दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डबा हातात घेतला आणि झाकण निघेना. सवयीनं बोटाच्या पेरानं टकटक केली, जशी चावी ठोकायचो तशी, मग हलवला. आत मोहरी सरकली. वाळूसारखी, सुळ्ळकन. झाकण उघडायच्या आधीच मी म्हटलं, मोहरी. उघडलं. मोहरी होती.

मी दुसरा हलवला. पोकळ, हलका, खडखड नाही, खुळखुळ. धने. तिसरा जड, दगडासारखा, खुट्ट. हळकुंड. चौथा वाजलाच नाही, पिसासारखा. दगडफूल.

तीस वर्षं मी लोखंड ऐकत फिरलो आणि माझ्या घरात ती डबे ऐकून स्वयंपाक करत होती. रोज माझ्यासमोर डबा कानापाशी न्यायची. मला वाटायचं, किती उरलंय ते बघते.

मग चिंचोके आठवले. पळत अंगणात गेलो. ह्या वयात पळालो. खड्ड्यावर माती टाकली नव्हती. पीठ हलवलं तर वाजत नाही. धने, मोहरी वाजतात, पीठ मुकं. म्हणून तिनं पिठात चिंचोके टाकले होते, आणि म्हणून डबे अर्धेच भरायची, चिंचोक्याला हलायला जागा हवी. माझ्या त्या पातेल्यात तीन चिंचोके होते. म्हणजे तीन वाजले की शिकेकाई. काल दोन निघाले ते पीठ कसलं होतं? खड्ड्यातून चिमूटभर काढून हुंगलं. काळा मसाला.

येसूर तर अजून निघालंच नव्हतं. मग एक कुठं आहे?

मंगळवार, बुधवार मी घर उलटं केलं. माळा, कणगीमागं, देवळी, पाण्याच्या माठाखाली. जो डबा मिळेल तो कानाला लावून हलवला. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तिला सांगितलं काय शोधतो ते. विचारलं, येसराचं माप तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, “मला काय ठाऊक? मिसळताना ती माज्याकडं पाठ करून बसायची. म्हणायची, तू शिकलीस तर येणार न्हाईस माज्याकडं.”

गुरुवारी सगळं धुऊन झालं. फडताळ रिकामं, फरशी लख्ख. दारामागच्या खुंटीला माझी ड्यूटीची पिशवी तेवढी राहिली होती. रिटायर झालो त्या दिवशी टांगली, तशीच. म्हटलं, हीपण टाकू. खाली काढली तर आतल्या जेवणाच्या डब्यात टक् वाजलं.

एकदाच.

तो माझा जुना अल्युमिनियमचा डबा. रोज दोन भाकऱ्या आणि हिच्या हातचं कालवण ह्यातून रुळावर यायचं. उघडला. तीन-चार मुठी येसूर आणि एक चिंचोका. वास आला आणि मी तिथंच दाराला टेकलो. किती वेळ, ते सांगत नाही. माझ्या हाती लागू नये म्हणून तिनं तिथं ठेवलं की लागावं म्हणून, तेपण सांगता येत नाही.

ते तसंच रविवारी वापरता आलं असतं. एक जेवण निघालं असतं. मग सोमवारी काय? पोराला मी एका जेवणाचा भरवसा देत नव्हतो. चप्पल घातली आणि बाजारात गेलो. बाजरी, गहू, डाळ, मिरची. मिरची कानाला लावून घेतली. दुकानदार बघत राहिला, बघू दे.

शुक्रवारी थोडंथोडं भाजून, खलबत्त्यात कुटून बघितलं. तिचं येसूर एका बशीत, माझं दुसऱ्या बशीत. जीभ लबाड, म्हणून शेजारणीला हुंगायला बसवलं. पहिल्याला ती म्हणाली, “कच्चं.” दुसऱ्याला म्हणाली, “हे जाळलंव.” तिसऱ्याला दोन्ही बशा पुन्हा हुंगल्या. मग माझ्या बशीतली चिमूट तोंडात टाकली, डोळे पुसले आणि म्हणाली, “धने जरा जास्त हायत. पर राहू द्या.” शनिवारी गिरणीवर जाऊन तेच सगळं मोठ्या मापानं दळून आणलं. जुन्यातली मूठ नव्यात मिसळायची, अशी तिची रीत होती. मी तिचं सगळंच मिसळलं. वेगळं ठेवून काय करू, त्याला जाळी लागणार.

रविवारी पोरगा आणि सून आले. पोराच्या हातात मोठी बॅग होती, रिकामी, चाकांची. ती त्यानं भिंतीला लावून ठेवली. आधी स्वयंपाकघरात गेला, फडताळ उघडलं, खालपासून वरपर्यंत बघितलं.  मी म्हटलं, “भाकरी शेजारणीनं थापल्या. मला जमत न्हाईत, शिकीन. आमटी माजी हाय. बस.”

सुनेनं आधी वाटी नाकापाशी नेली. शिकेकाईचं तिच्या डोक्यात असणारच. पोरानं भाकरी मोडली, बुडवली, घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला हात थांबला. ताटाकडं बघतच म्हणाला,

“मायनं करून ठिवलेलं उरलं होतं का?”

“न्हाई. तुजी माय मेली. हे मी केलं. तिचं उरलेलं मिसळलंय त्यात, बाकी सगळं माजं.”

सून म्हणाली, “मामा, असं काय बोलता.” पोरानं तिला हातानंच गप्प केलं.  मग वाटी माझ्यापुढं सरकवली. मी वाढली. पुन्हा सरकवली, पुन्हा वाढली. शाळेतून आला की मायपुढं अशीच सरकवायचा.

हात धुऊन आल्यावर म्हणाला, “पावसाळाभर बघू, बाबा. रोज फोन करायचा.”

“तूच कर. मला काम असतं.”

तो हसला. मायच्या मागं पहिल्यांदा हसला.

निघताना सून म्हणाली, “मामा, थोडं येसूर द्याल का?” मी एक डबा घेतला, बिस्किटांचा, अर्धा भरला, झाकण लावलं. ती हात पुढं करून उभी होती. मी डबा खाली फरशीवर ठेवला. ती क्षणभर बघत राहिली, मग वाकली आणि उचलला. पर्समधून पेन काढलं.

“ह्यावर काय लिहू?”

“काही लिहू नको. कानाला लाव आन हालव.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग डबा कानापाशी नेला आणि हलवला. पोरगा रिकामी बॅग उचलता उचलता थांबला.

“एकदाच वाजलं, मामा.”

“मंग येसूर हाय.”

तिनं पेन पर्समध्ये टाकलं. पोरानं बॅग उघडली, डबा मधोमध ठेवला आणि ते तेवढंच घेऊन स्टँडकडं गेले.